कानसेनांचं इंजिन

आमच्या घरात खेळणं हा शब्द उच्चारायची सोय नाही. पलंगाखाली जो ट्रक असतो, हातातल्या रिमोटवर पळणारा, चांगला मांजराएवढा, त्याला कुणी खेळणं म्हटलं की आमचे हे जेवताना मान वर करत नाहीत. त्या ट्रकला खरं इंजिन आहे, अंगठ्याच्या पेराएवढ्या पिस्टनचं. नायट्रो नावाचं इंधन बाटलीतून मिळतं, ते पिऊन ते चालतं, धूर सोडतं आणि अख्ख्या इमारतीचं डोकं उठवतं. मी घरी कपडे दुरुस्तीचं काम करते. त्या धुराचा एरंडेली वास माझ्याकडे आलेल्या कोटांना लागतो आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं. इतकी वर्षं मी हे सहन केलं, पण कौतुकाचा एक शब्द कुणाच्या तोंडून निघालेला नाही.

हे लिफ्टचे मेकॅनिक. अंगाने किडकिडीत आणि पायाला भिंगरी. चहासुद्धा उभ्यानेच पितात. सुट्टीच्या दिवशी गावाबाहेरच्या मैदानावर हे ट्रकवाले सगळे जमतात, तिथे यांना कानसेन म्हणतात. ते नाव उगीच पडलं नव्हतं. या इंजिनाला किती इंधन मिळावं ते एका बारीक स्क्रूवर ठरतं. स्क्रू ढिला केला की इंधन जास्त; इंजिन गुळण्या केल्यासारखं गुळगुळतं आणि भरपूर धूर काढतं. आवळला की इंधन कमी. आवाज चढतो, इंजिन जोरात पळतं. फार आवळला तर किंचाळतं, तापतं आणि स्वतःलाच जाळून घेतं. या दोन्हींच्या मधली जागा बाकीचे लोक तापमान मोजायची बंदूक रोखून शोधतात. आमचे कानसेन नुसती मान वाकडी करायचे, ऐकायचे, स्क्रू पाव आटा फिरवायचे आणि म्हणायचे, "घ्या, पळवा." मैदानावरचे निम्मे ट्रक यांच्या हाताखालून गेलेले आहेत. कुणाचं काही बिनसलं की लोक म्हणायचे, आधी कानसेनांना ऐकवा.

तर यांचं स्वतःचं इंजिन बसलं. भर मैदानात, धावता धावता, एकदम गच्च. दोरी ओढून चालू करायला गेले तर दोरी हलेना. घरी आणून उघडलं तर पिस्टनवर उभे ओरखडे. हे म्हणाले, इंधन भेसळीचं होतं. बेकरीवाला, म्हणजे यांचा मैदानावरचा सगळ्यात जुना दोस्त, म्हणाला, वय झालं होतं बिचाऱ्याचं. मी गप्प बसले. पण ते इंजिन गेले कित्येक महिने किंचाळत होतं. मला त्या यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, तरी एकच आवाज वर्षानुवर्षं कानीकपाळी आदळला की तो बिघडल्याचं कुणालाही कळतं. मी मैदानाच्या कडेला शिवण घेऊन बसायचे आणि माझे दात शिवशिवायचे. हे मात्र स्क्रू आणखी आवळायचे आणि म्हणायचे, अजून खुललं नाही.

कान गेले होते, दुसरं काय. म्हणजे पूर्ण गेले नव्हते. जाडाभरडा आवाज यांना यायचा. बारीक, वरच्या पट्टीतला यायचा नाही. फोनवर लेक विचारायची एक आणि हे सांगायचे भलतंच. दाराची बेल वाजून वाजून माणूस परत जायचा. टीव्हीचा आवाज इतका मोठा की खालच्या मजल्यावरच्या बाईने स्वतःचा टीव्ही लावायचं सोडून दिलं होतं. आणि काही विचारलं की हसून मान डोलवायची. मान डोलवली की समोरच्याला वाटतं ऐकलं, विषय संपतो. मी एकदा मुद्दाम म्हटलं, "मी घर सोडून चाललेय." हे म्हणाले, "हो, येताना सुतळी आण."

एवढ्यावर भागलं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं. पण इंजिन बसल्याच्या पाठोपाठ यांचा कामावरचा जोडीदार घरी आला. हे इंजिनाच्या दुकानात गेलेत याची खात्री करून आला होता. लिफ्टचं काम दोघांनी मिळून करायचं असतं, आणि हे दोघं वर्षानुवर्षं एकत्र आहेत. याला धंदा शिकवला तो यांनीच. धिप्पाड गडी, पण त्या दिवशी खुर्चीच्या टोकावर बसून हातातली टोपी चुरगळत होता.

"वहिनी, दादांना सांगू नका मी आलो होतो म्हणून."

"पाणी घे आधी. काय झालं?"

मग त्याने सांगितलं. लिफ्टच्या तळाशी एक खड्डा असतो, माणूस उतरेल एवढा. तिथल्या स्प्रिंगा वगैरे साफ कराव्या लागतात. त्या दिवशी हा खड्ड्यात होता आणि हे वर, केबिनच्या टपावर उभे, हातात वर-खाली न्यायची बटणं. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. सगळा कारभार आवाजावर. यांनी वरून विचारलं, आणू का खाली? हा म्हणाला, थांबा. आणि केबिन यायला लागली.

"मी ओरडलो, वहिनी. घसा फुटेस्तोवर ओरडलो. केबिन हळू येते, पण येते ना. माझा पाय त्या स्प्रिंगेत अडकला होता. लाल बटण हाताशी होतं म्हणून दाबता आलं."

मी विचारलं, "मग हे काय म्हणाले?"

"खाली उतरून मलाच झापलं. म्हणाले, आवाज द्यायला काय होतं, तोंड शिवलंय का? मी म्हटलं, दादा, मी ओरडलो. तर म्हणाले, खोटं बोलू नकोस."

टोपीचा पार बोळा झाला होता. तो म्हणाला, कंपनीत सांगितलं तर दादांना घरी बसवतील. ज्यांनी मला पाना धरायला शिकवलं त्यांची चुगली मी कशी करू? आणि नाही केली तर मला उद्या परत खड्ड्यात उतरायचं आहे. मी त्याला म्हटलं, मी बघते. म्हणून तर बसले, पण काय बघणार होते ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी हे आले. हात धुवायच्या आत मी विषय काढला. कोण आलं, कोण गेलं याबद्दल अवाक्षर काढलं नाही. नुसतं विचारलं, लिफ्टमध्ये परवा काय झालं. पण हे काही दुधखुळे नाहीत.

"येऊन रडला वाटतं तुझ्याकडे. तो ओरडलाच नाही. ओरडला असता तर मला ऐकू आलं नसतं? इंजिनात माशी शिंकली तरी कळते मला."

"मग एकदा कान दाखवून घेऊ. नसेल काही तर तसं कळेल."

"दाखवू की. आधी इंजिनाचं ठरू दे."

"इंजिनाचा आणि कानाचा काय संबंध?"

"माझ्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट राहते," असं म्हणून हे आंघोळीला गेले.

झालं. तिथून माझ्या मागे साडेसाती लागली. इंजिन ठरेना आणि कान दाखवायचे होईनात. त्यात या दोघांचा अबोला. ज्यांचं काम एकमेकांना हाका मारण्यावर चालतं ते दोघं कामापुरतंसुद्धा धड बोलेनात. सकाळी जोडीदार खाली स्कूटर घेऊन उभा राहायचा, यांची वाट बघत. वर खिडकीकडे बघायचा. मी नकारार्थी मान हलवायची. तो टोपी घालायचा आणि दोघं निघायचे. त्यानंतर संध्याकाळपर्यंत माझा जीव टांगणीला. उलटी बाही शिवली, काज भलतीकडे केलं, एका बाईच्या झग्याचा गळा इतका खोल कापला की तिला नवीन कापड घालून द्यावं लागलं. फोन वाजला की शिवण टाकून धावायचे.

आणि आमचे कानसेन काय करत होते? येरझारा. इंजिनाचे तीन पर्याय होते. एक, जुन्यासारखंच, त्याच मापाचं. चार स्क्रू लावले की बसलं. दोन, त्याच्याहून मोठं, दांडगं. ते बसवायचं तर ट्रकमध्ये कापाकापी. आणि तीन, इंजिन काढूनच टाकायचं आणि बॅटरीवरची मोटर लावायची. सकाळी दात घासताना छोटं, दुपारी मोठं, रात्री म्हणे बघू. जेवताना ताटाशेजारी तिन्हींची चित्रं मांडायची. मी म्हटलं, लेकीचं लग्न ठरवताना एवढा विचार केला नव्हतात. तर हसून मान डोलवली. ऐकू आलं नव्हतं.

बेकरीवाला एकदा मुद्दाम स्वतःचा ट्रक घेऊन घरी आला. त्याने नायट्रो सोडून बॅटरी लावली होती. अंगाला कायम गरम पावाचा वास, बोलणं मऊ, पण माणूस बेरका.

"बॅटरी लाव," तो म्हणाला. "स्क्रू नाही, धूर नाही, दोरी नाही. बटण दाबलं की पळतो. कानाला त्रास नाही."

 यांना ते बरोबर ऐकू आलं.

"बॅटरीची गाडी म्हणजे मिक्सर," हे म्हणाले. "चटणी वाट त्यात."

बेकरीवाला हसला. जाताना दारात मला हळूच म्हणाला, "वहिनी, बॅटरीच घ्यायला लावा. मैदानावर सगळ्यांना माहीत आहे. कुणी बोलत नाही इतकंच." मी विचारलं, मग तुम्ही दोस्त ना, तुम्ही का नाही बोलत? तो म्हणाला, "आता बोललोच की." ह्याला बोलणं म्हणतात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या दिवशी हे खरंच बॅटरीवर आले होते. संध्याकाळी पलंगाखालून ट्रक काढून मांडीवर घेतला, रिकामी झालेली इंजिनाची जागा फडक्याने पुसली आणि म्हणाले, "लावून टाकतो मोटर. कटकट मिटेल." मी मनात म्हटलं, सुटले. मग फडकं फिरवता फिरवता हे म्हणाले, "पण मग माझ्याकडे कोण कशाला येईल?"

मला त्यांची दया आली, खोटं कशाला बोलू. घरात कुणी विचारत नाही, कंपनीत साहेब नाव विसरतो, आणि त्या एका धुळीच्या मैदानावर माणसं यांच्यासाठी थांबतात. मी बॅटरीचा विचार सोडला. पण खालच्या त्या खड्ड्याचं काय? तो काही माझ्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी मीच यांना हाताला धरून दुकानात नेलं. म्हटलं, आज ठरवल्याशिवाय मी तिथून हलणार नाही, स्टूल घेऊन बसेन.

दुकानदार म्हणजे थंड्या. आग लागली तरी आधी चष्मा पुसेल. दुकानाच्या मागे एक छोटं अंगण, तिथे लोखंडी टेबलावर इंजिन कसून चालवून दाखवायची सोय. त्याने आधी छोटं लावलं. दोरी ओढली, सुरू झालं, त्याने वेग वाढवला. आवाज असा काही चढला की मी पदर कानावर घेतला, आणि अंगणात पार्सल बांधत बसलेल्या माणसानेसुद्धा तोंड वाकडं केलं. हे शांत उभे.

"बसका आहे याचा आवाज," हे म्हणाले. "दम नाही."

दुकानदाराने चष्म्यावरून आधी यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी जमिनीकडे बघितलं. त्याने इंजिन बंद केलं, चष्मा पुसला आणि मोठं लावलं. ते सुरू झालं तेव्हा टेबल थरथरलं. जाड, खालचा, पोटातला आवाज. यांनी टेबलावर पंजा सपाट टेकवला होता. आणि यांचा चेहरा कसा खुलला म्हणून सांगू. लेक पहिल्यांदा बाबा म्हणाली तेव्हा बघितला होता तसा, त्यानंतर आत्ता.

"हे," हे म्हणाले.

"हे तुमच्या ट्रकला झेपणार नाही," दुकानदार शक्य तितक्या मोठ्याने म्हणाला. "क्लच बदलावा लागेल. गिअरचे दात सोलून निघतील. वेग दिला की पुढची चाकं हवेत."

"हेच."

मला तेव्हा लख्ख कळलं की हा माणूस इंजिन निवडत नाहीये, ऐकू येईल असं काहीतरी शोधतोय. डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी यांना धरून गदागदा हलवावंसंही वाटलं. यांना आपल्या कानांचं कळतंय. आत कुठेतरी पक्कं कळतंय. मग तो खाली खड्ड्यात उतरणारा माणूस खोटारडा कसा? पण मी तोंडाने म्हटलं, "घ्या हेच." मला कुठल्याही इंजिनाशी देणंघेणं नव्हतं. ठरल्याशी होतं.

बाहेर पडल्या पडल्या म्हटलं, "ठरलं ना? उद्या कान."

"अगं, बसवून तर होऊ दे."

बसवायला वेळ लागला. रोज कामावरून आल्यावर कानशीने घासाघास, माझ्या शिवणाच्या मशीनवर लोखंडाचा कीस. मोठं इंजिन त्या जागेत मावेना. बसेल कसं, जोडा लहान आणि पाय मोठा. शेवटी एकदाचं बसलं. मी म्हटलं, आता?

"आता रुळवायला हवं. नवीन इंजिन एकदम पळवायचं नसतं. पहिल्या काही टाक्या इंधन जास्त देऊन, हळूहळू चालवायचं, मधे मधे गार होऊ द्यायचं. ते झालं की तू म्हणशील तिथे येतो."

त्यावर माझा तोल गेला. मी म्हटलं, "तुमचं इंजिन रुळेपर्यंत त्या माणसाचा जीव जाईल. कळतंय का? तो तुमच्या पायाखाली उभा असतो."

"तो ओरडला नव्हता," हे म्हणाले. एकेक शब्द तोडून. "कितीदा सांगू? इतकी वर्षं शिकवलं त्याला, आणि स्वतःची चूक झाकायला माझ्यावर ढकलतो. याचंच वाईट वाटतं मला." आणि खरंच वाईट वाटत होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. माणूस खोटं बोलत असता तर मी भांडले असते. हे खरं बोलत होते. यांच्या कानांपुरतं ते खरंच होतं.  मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच घासलेली भांडी परत घासली.

सुट्टीच्या दिवशी मैदान भरलेलं. मोठं इंजिन बसवलंय ही बातमी बेकरीवाल्याने पावाबरोबर घरोघर पोचवली असावी. दुकानदारही आला होता. मला वाटतं त्याला राहवलं नाही. वारा सुटला होता, धूळ डोळ्यांत जात होती. मी नेहमीप्रमाणे कडेला शिवण घेऊन बसले, पण सुई हातात नुसती धरलेली.

पहिली टाकी छान गेली. स्क्रू दुकानदाराने लावून दिला होता तसाच होता. इंजिन गुळगुळत होतं, पांढऱ्या धुराचा पट्टा मागे, ट्रक म्हशीच्या चालीने मैदानाला फेऱ्या मारत होता. हे उभे, मान वाकडी, खुशीत. एकाने येऊन पाठ थोपटली. दुसरी टाकीही गेली. मग आमच्या कानसेनांना चैन पडेना. एका पायावरून दुसऱ्या पायावर. "झोपलंय हे," म्हणाले, ट्रक जवळ आणला, वाकून स्क्रू आवळला आणि परत सोडला.

आवाज चढला. चांगला, मोकळा. मलाही कळलं की आता बरोबर लागलं. कुणीतरी टाळी वाजवली. पण हे कपाळाला आठ्या घालून उभे. परत ट्रक आणला, परत आवळला. जसजसा आवाज वर चढत होता तसतसा तो यांच्या कानातून निसटत होता, म्हणजे यांना वाटत होतं की इंजिन दबतंय. दबतंय म्हणून आणखी आवळत होते. मी हे बघत होते, माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं. धूर दिसेनासा झाला. दुकानदार म्हणाला, "धूर गेला." हे म्हणाले, "वारा आहे." बेकरीवाला अर्धा उठला, "जरा ढिलं केलंस तर," असं काहीतरी पुटपुटला, यांनी मान डोलवली, तो परत बसला. इतकी माणसं उभी होती, सगळ्यांचे कान शाबूत होते, आणि कानसेनांना सांगायची एकाचीही छाती होईना. ते दांडगं इंजिन आता किंचाळायला लागलं होतं. जुनं किंचाळायचं तसंच.

यांनी ट्रक परत जवळ आणला. स्क्रूड्रायव्हर आणखी आवळायलाच खाली जात होता. मी शिवण फेकली आणि धावले. इंधनाची बारीक रबरी नळी असते, टाकीतून इंजिनाकडे जाणारी. ती बोटात धरून चिमटली. हे करताना मी यांना इतक्या वेळा बघितलंय. इंधन तुटलं की इंजिन लगेच बंद होत नाही, मरायच्या आधी एकदा आणखी वर चढतं. तशी ती शेवटची किंकाळी निघाली. मागे उभ्या माणसांनी कानांवर हात ठेवले. यांचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर होता, आणि त्यावर काही म्हणजे काही उमटलं नाही.

मग इंजिन थांबलं.

"काय केलंस हे?" इंजिन चालू असताना बोलतात तेवढ्याच मोठ्याने हे बोलले. "चांगलं चाललं होतं."

"किंचाळत होतं ते."

"काय?"

"किंचाळत होतं," मी ओरडून सांगितलं. "केव्हाचं."

हे हसले. मग आजूबाजूला बघितलं, कुणीतरी माझी चेष्टा करेल म्हणून. कुणी केली नाही. अजून काहीजणांचे हात कानांवर होते, ते त्यांनी घाईघाईने खाली घेतले. बेकरीवाला बुटांकडे बघत होता. यांनी दुकानदाराकडे बघितलं. त्याने चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला आणि होकारार्थी मान हलवली.

हे खाली बसले, गुडघ्यांवर. इंजिनाला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं.  मला वाटलं आता चिडतील, स्क्रूड्रायव्हर फेकतील. मैदानावर दुसरा एकही ट्रक चालू नव्हता.

"म्हणजे तो ओरडला होता," हे म्हणाले.

यांना वाटलं असेल आपण मनातल्या मनात बोललो. पण सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. कोण, कुठे, कुणाला काही कळलं नाही. मला कळलं. मी यांच्या खांद्याखाली हात घालून यांना उठवलं.

ट्रक तिथेच राहिला. बेकरीवाला म्हणाला मी आणतो, पण हे ऐकायला थांबले नाहीत. भराभर चालत सुटले, मी मागे, घाईत उचललेली शिवण हातात लोंबतेय. घराचा रस्ता मागे पडला तेव्हा माझ्या लक्षात आलं कुठे चाललोय ते. जोडीदाराचं घर दुसऱ्या मजल्यावर. यांनी बेल दाबली आणि दाबूनच धरली.

दार त्याने उघडलं. गळ्यात टॉवेल, दाढीला अर्धा साबण. आत त्याची बायको जेवणाची पानं मांडत होती. यांना बघून त्याचे खांदे आवळले. त्याला वाटलं असणार, भांडायला आले. यांच्या हाताला तेल, गुडघ्यांना माती.

"उद्या खड्ड्यात उतरू नकोस," हे म्हणाले. "मी वर असलो तर मुळीच उतरायचं नाही. मी सकाळी कंपनीत सांगतो. मीच सांगतो, तू मधे पडू नकोस." मग थांबले.  "तुला खोटारडा म्हणालो मी."

तो टॉवेलाने साबण पुसत राहिला, साबण कधीच पुसून झाला होता. मग एकदा आत बायकोकडे बघून घेतलं आणि मान खाली घालून, तिला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू म्हणाला, "दादा, मी रोज उतरायच्या आधी हिला फोन करत होतो. उगीचच. जेवलीस का विचारायला."

मला ते जेमतेम ऐकू आलं. यांनी नेहमीसारखं हसून मान डोलवायला सुरुवात केली. मग मान मधेच थांबली. हे एक पाऊल पुढे गेले, त्याच्या अगदी तोंडाजवळ, आणि कान त्याच्याकडे केला.

"जरा मोठ्याने बोल रे," हे म्हणाले. "मला ऐकू येत नाही."